बाबा, त्या दगडांवर गावाचं नाव लिहून ठेवा

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

रविवारी फोनवर नीट बोलणंच झालं नाही, ओवी मध्येच फोन ओढून घेते, निनाद मागून ओरडत असतो आणि बाबांना एका वेळी इतक्या लोकांचं ऐकू येत नाही, म्हणून ठरवलं की सगळं लिहूनच पाठवायचं. बाबा, मोबाईलवर वाचत बसू नका, मोतीबिंदूचं ऑपरेशन आत्ताच झालंय, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून घ्या, नाहीतर आई, तूच वाचून दाखव.

तर आम्ही सगळे लाइम रीजिसला जाऊन आलो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमध्ये आहे, आमच्या ब्रिस्टलहून गाडीने दोनेक तास. छोटंसं गाव, आई तुला डोळ्यासमोर यावं म्हणून सांगते, महेश्वरसारखं उतारावर वसलेलं आणि रस्ता उतरत उतरत थेट पाण्याशी जातो, फक्त खाली नर्मदेऐवजी समुद्र. रस्त्यावरच्या दिव्यांचे खांबसुद्धा अमोनाइटच्या आकाराचे केलेत. अमोनाइट म्हणजे तुझ्या देवघरातल्या शाळिग्रामात जी चक्रं दिसतात ना, तेच, समुद्रातला गुंडाळलेल्या शंखाचा प्राणी, नेपाळमधल्या, हजारो फुटांवरच्या गंडकीच्या खोऱ्यातला तोही आणि इथला हाही, दोघं समुद्राचेच. निनादने तुझा शाळिग्राम व्हिडिओ कॉलवर पाहिलाय, त्यामुळे पहिला अमोनाइट दिसल्याबरोबर तो ओरडला, "आजीचा देव!"

म्युझियम समुद्राला अगदी लागून आहे, 1901 मध्ये बांधलेलं, आणि जिथे बांधलंय तिथेच आधी मेरी ॲनिंगचं घर होतं. बाबा, या बाईची गोष्ट तुम्हाला सांगायची म्हणूनच खरं तर हे पत्र.

तिचा जन्म 1799 चा. वडील सुतार, कपाटं बनवायचे आणि जोडीला किनाऱ्यावरचे फॉसिल, म्हणजे दगड झालेले पुरातन प्राणी, शोधून हवापालटाला आलेल्या लोकांना विकायचे. ती सव्वा वर्षाची असताना वीज पडली, तिला कडेवर घेतलेली बाई आणि आणखी दोघी जागीच गेल्या, ही वाचली. 1810 मध्ये वडील वारले, मागे कर्ज, आणि दहा भावंडांतली जगली ती दोनच, मेरी आणि तिचा भाऊ जोसेफ. पुढच्याच वर्षी जोसेफला कड्याच्या दगडात एक भलंमोठं डोकं दिसलं आणि मग मेरीने बाकीचा सांगाडा शोधून काढला, तेव्हा ती जेमतेम बारा-तेरा वर्षांची. तो इक्थिओसॉर होता, माशासारखा दिसणारा समुद्रातला सरपटणारा प्राणी, साधारण 20 कोटी वर्षांपूर्वीचा. तो 23 पौंडांना विकला गेला आणि घरात पैसे आले. ओवी आता साधारण त्याच वयाची आहे, ती त्या पाटीसमोरून हलेचना, शेवटी मीही तिच्याबरोबर थांबले.

1823 मध्ये तिला पहिला पूर्ण प्लेसिओसॉर सापडला, हाही समुद्रातला सरपटणारा प्राणी, इतक्या लांब मानेचा की पॅरिसच्या क्यूव्हिए या नामांकित शास्त्रज्ञाला आधी विश्वासच बसला नाही, हाडं जोडून बनवलेलं असणार असं त्याला वाटलं, आणि मग लंडनमध्ये चर्चा होऊन ते खरं आहे हे मान्य झालं. 1828 मध्ये टेरोसॉर, उडणारा सरपटणारा प्राणी. हे सगळं शाळेत फारसं न शिकलेल्या, घर चालवायला किनाऱ्यावर भटकणाऱ्या मुलीने. आणि ते कडे म्हणजे साधे नाहीत, सारखे ढासळतात, 1833 मध्ये असाच भाग कोसळला आणि तिचा कुत्रा ट्रे तिच्या डोळ्यासमोर त्याखाली गेला, ती थोडक्यात वाचली.

आता जे मला फार लागलं ते सांगते. तिने शोधलेली हाडं ज्यांनी विकत घेतली त्यांची नावं म्युझियमच्या पाट्यांवर लागली, शोधनिबंध लिहिणाऱ्यांची नावं पुस्तकांत आली, हिचं नाव बहुतेक ठिकाणी आलंच नाही. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत, म्हणजे भूशास्त्रज्ञांच्या संस्थेत, बायकांना प्रवेशच नव्हता, पहिल्या बायका तिथे फेलो म्हणजे सदस्य झाल्या त्या 1919 मध्ये, आणि मेरी गेली 1847 मध्ये, कॅन्सरने, अजून पन्नाशीचीही नव्हती. गावात तिचा पुतळा उभा राहिला तो 2022 मध्ये, तोही एका शाळकरी मुलीने हट्ट धरला म्हणून. हातात हातोडी, पायाशी ट्रे. मी तिथे बराच वेळ उभी होते आणि मला सारखी तुमची आठवण येत होती बाबा, उन्हात टोपी घालून नाल्यात वाकलेले तुम्ही.

आत एक टेबल आहे, ते पाहून निनाद लोळण घ्यायचा बाकी होता. विल्यम बकलँड नावाच्या प्रोफेसरांचं, वरचा सगळा पृष्ठभाग कोप्रोलाइटच्या चकत्या बसवून केलेला, आणि कोप्रोलाइट म्हणजे दगड झालेली विष्ठा! हे दगड सांगाड्यांच्या पोटाच्या जागी सापडतात, फोडले की आत माशांची हाडं-खवले दिसतात, हे मेरीने हेरलं होतं. चकत्या पॉलिश केल्यावर दिसतात मात्र सुंदर.

आई, तुझ्यासाठी एक वेगळी गोष्ट. मेरीची एक मैत्रीण होती एलिझाबेथ फिलपॉट, वयाने वीसेक वर्षांनी मोठी, चांगल्या घरची, बहिणींबरोबर राहायची, आणि एक गरीब सुताराची मुलगी आणि ही बाई दोघी जोडीने किनाऱ्यावर फिरायच्या. मेरीला बेलेम्नाइट नावाच्या माखुळासारख्या प्राण्यांच्या फॉसिलमध्ये शाईच्या सुकलेल्या पिशव्या सापडल्या, तर एलिझाबेथने ती शाई पाण्यात कालवली आणि त्याच शाईने इक्थिओसॉरचं चित्र काढलं. कोट्यवधी वर्षांपूर्वीची शाई! तू संस्कार भारतीच्या रांगोळीसाठी रंग खलत बसायचीस ते डोळ्यासमोर आलं. आणि या फिलपॉट बहिणींच्या घरी कपाटंच्या कपाटं, उथळ ड्रॉवर, जिन्याच्या वरपर्यंत फॉसिल भरलेले, आणि प्रत्येकावर एक छोटी चिठ्ठी लावलेली, असं त्या काळी त्यांच्याकडे जाणाऱ्या कुणीतरी लिहून ठेवलंय. ही चिठ्ठीची गोष्ट लक्षात ठेवा दोघांनी, पुढे लागणार आहे.

गावाच्या इतिहासाचा भागही आहे, तो आम्ही जरा भराभर पाहिला कारण मुलांना भूक लागली होती. 1644 मध्ये राजाच्या सैन्याने गावाला वेढा घातला तेव्हा बायकांनी पण लढायला मदत केली, 1685 मध्ये ड्यूक ऑफ मनमथ राजाविरुद्ध बंड करायला इथेच किनाऱ्यावर उतरला, बंड फसलं आणि नंतर त्याच किनाऱ्यावर बारा जणांना फाशी दिलं. कॉब म्हणून दगडी धक्का आहे, समुद्रात वाकत गेलेला, शेकडो वर्षांचा. मला यातली एक गोष्ट पटली नाही आणि एक आवडली. किनाऱ्यावरचे हेच निळसर चुनखडीचे थर पूर्वी सिमेंट करायला फोडून नेत, त्यामुळे समुद्राला आड येणारा दगड कमी झाला आणि किनारा जास्त खचला, हे वाचून वाईट वाटलं. पण त्याच फोडाफोडीत कितीतरी फॉसिल बाहेर आले, हेही खरं. आणि आवडलं ते हे की राजे-लढाया आणि गावातला मजूर यांना सारखीच जागा दिलीय, आपल्याकडे इंदूरला जीपीओजवळच्या म्युझियममध्ये तुम्ही आम्हाला हिंगलाजगढच्या मूर्ती दाखवायला न्यायचात तेव्हा मी विचारायचे ना, की हे घडवणाऱ्यांची नावं कुठायत, तेच मला अजून हवं असतं.

लिफ्ट आहे हो आई, गुडघ्यांची काळजी करू नकोस, तुम्ही याल तेव्हा सगळे मजले दाखवता येतील.

दुपारी ओहोटी सुरू झाल्यावर म्युझियमच्याच फॉसिल वॉकला गेलो. भरती-ओहोटीची वेळ पाहूनच जायचं, कड्याच्या पायथ्याशी उभं राहायचं नाही, कड्यात हातोडी मारायची नाही, खाली पडलेले सुटे दगड तेवढे पाहायचे, हे गाइडने आधीच बजावलं. हिवाळ्यातल्या वादळांनंतर जास्त सापडतात म्हणे कारण लाटा चिखल धुऊन नेतात. ओवीला गोळीसारखा टोकदार बेलेम्नाइट मिळाला, निनादला नखाएवढा सोनेरी अमोनाइट, पायराइट नावाच्या चमकत्या खनिजाचा. हा सुमारे 155 किलोमीटरचा सगळा किनारा 2001 पासून जागतिक वारसा आहे, तरी असे सुटे दगड उचलू देतात, कारण नाही उचलले तर समुद्र त्यांचं पीठच करतो.

आता मुद्द्याचं. मी फोनमधले तुमच्या खोक्यातल्या दगडांचे फोटो तिथल्या एका आजोबांना दाखवले, तिथे मदतीला येतात ते. धार जिल्ह्यात कुक्षीला पोस्टिंग असताना तुम्ही बाघजवळून आणलेले, आई ज्याला पाच पाकळ्यांचं फूल म्हणते तो पण. त्यांनी बघताक्षणी सांगितलं, हा समुद्री साळिंदर, म्हणजे सी अर्चिन नावाचा समुद्रातला काटेरी प्राणी, हृदयाच्या आकाराचा, पाकळ्या म्हणजे त्याच्याच अंगावरची नक्षी. म्हणजे तुम्ही म्हणायचात ते बरोबरच होतं बाबा, बाघच्या बाजूला समुद्र होता, नर्मदेच्या खोऱ्यात पश्चिमेकडून आत शिरलेला, साधारण नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी. त्याच्यावर डायनासोरच्या अंड्यांचे थर, आणि त्याच्याही वर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, ज्याची आपली माळव्याची काळी माती झाली. धार जिल्ह्यात 92 घरट्यांत 256 अंडी सापडल्याचं 2023 मध्ये छापून आलं तेव्हा, आणि पाडल्याच्या लोकांनी काकड भैरव म्हणून पुजलेले गोल दगड अंडी निघाले तेव्हाही, बातमी तुम्हीच तर पाठवली होतीत व्हॉट्सॲपवर.

मग त्या आजोबांनी विचारलं, कुठे मिळाला, कुठल्या नाल्यात, कुठल्या थरातून? मी एवढंच सांगू शकले की बाघजवळ. ते म्हणाले की तुझ्या वडिलांना विचार आणि लिहून ठेव, जागा माहीत नसलेला दगड अभ्यासाला उपयोगी पडत नाही, शोपीस होऊन बसतो.

म्हणून माझं ऐका. रोज दुपारी चहानंतर दोन-तीन दगड घ्यायचे, जास्त नाही. दगडाच्या मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका, तो वाळला की बारीक पेनाने नंबर, आणि वहीत त्या नंबरपुढे गाव, नाला, कुणाच्या शेतापाशी, अंदाजे वर्ष, बरोबर कोण होतं, आणि शोधणाऱ्याचं पूर्ण नाव. बाबांनी सांगायचं, आईने लिहायचं, तुझं फळ्यावरचं अक्षर अजून तसंच आहे. जे आठवत नाही तिथे जागा कोरी सोडा, अंदाजाने भरू नका. ड्रायव्हरकाका तुमच्याबरोबर असायचे ना, त्यांनी उचललेल्या दगडापुढे त्यांचंच नाव घाला, तेवढं नक्की करा. आणि आई, सफाईच्या भरात ते खोकं माळ्यावर टाकू नकोस, मी तुला ओळखते.

बाबा, तुम्ही हल्ली म्हणता की आता माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही. मला ते अजिबात पटत नाही. त्या खोक्यातलं अर्धं नुसतं तुमच्या डोक्यात आहे आणि ते ओवीला हवंय, तिने स्वतःच्या बेलेम्नाइटवर चिठ्ठी लावून पण टाकलीय.

डिसेंबरात येतोय, तिकिटं या आठवड्यात काढते. एक दिवस गाडी करून धारवरून बाघला जाऊ, आई लेण्यांपाशी सावलीत बसेल, काही उचलायचं नाही फक्त बघायचं आणि तुम्ही जागा दाखवायच्या. त्याआधी बीपीची गोळी चुकवू नका आणि डोळ्यांत ड्रॉप्स वेळेवर. वहीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवा, ओवी रोज विचारतेय.

तुमची,
मनू