तुकडा आणा, मग बोलू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परग्रहावरच्या यानांचे अवशेष अमेरिकेने दडवून ठेवल्याची बातमी रविवारच्या अंकात वाचली. मथळ्यात प्रश्नचिन्ह टाकून आपण मोकळे झालात, पण आत मुख्य गोष्टच राहिली. हवाई दलातले माजी गुप्तचर अधिकारी डेव्हिड ग्रुश यांनी २६ जुलै २०२३ रोजी अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे शपथेवर जे सांगितले, ते इतरांकडून कळलेले होते. तसे त्यांनी स्वतःच साक्षीत म्हटले आहे.

मी फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. गिऱ्हाईक तुकडा घेऊन यायचे, सोबत त्याची कहाणीही. कहाणी आम्ही चहाबरोबर ऐकायचो. सर्टिफिकेटवर मात्र धातूतले घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रो यंत्राने दाखवले तेवढेच लिहायचो.

असा एक तुकडा या प्रकरणातही आहे. १९४७ साली कोसळलेल्या यानाचा, अशी त्याची कहाणी. मुख्यतः मॅग्नेशियम, थोडे जस्त, शिवाय बिस्मथ आणि शिसे. आकाशातल्या अज्ञात वस्तूंचा तपास करणाऱ्या, पेंटॅगॉनच्या ‘आरो’ या कार्यालयाने तो टेनेसीतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेकडून तपासून घेतला. तिथे मॅग्नेशियम आणि शिशाच्या समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमीअधिक वजनाच्या अणूंचे, प्रमाण मोजले. हे प्रमाण म्हणजे धातूचा जन्मदाखलाच. ते पृथ्वीवरचेच निघाले. गेल्या शतकाच्या मध्यावर मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंवर जे प्रयोग चालत, त्यांतलाच हा नमुना असावा, असा निष्कर्ष निघाला. हे २०२४ मध्येच जाहीर झाले. आपल्या बातमीत त्याचा मागमूस नाही.

‘आरो’ सरकारीच, ते नाहीच म्हणणार, असे कोणी म्हणेल. मग दुसरा तुकडा आणा, दुसऱ्या देशात तपासा. समस्थानिकांना सरकार कळत नाही.

सरकार काही लपवत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या रॉसवेलला १९४७ मध्ये जे पडले आणि लोकांनी परग्रहाचे यान मानले, ते सोव्हिएत अणुचाचण्यांचा कानोसा घेणाऱ्या ‘मोगल’ प्रकल्पाच्या फुग्यांचे सामान होते, हे हवाई दलाने सांगितले १९९४ मध्ये! इतकी वर्षे तोंड मिटून बसायचे आणि लोकांनी तर्क लढवले की त्यांना हसायचे, हेही बरे नव्हे.

‘आरो’च्या मार्च २०२४च्या अहवालात ‘कोना ब्लू’चीही हकिगत आहे. साक्षीदार ज्याला यानांचा गुप्त कार्यक्रम म्हणत होते, तो गृहसुरक्षा खात्यापुढे आलेला निव्वळ प्रस्ताव होता. तो नामंजूर झाला, हाती वस्तू एकही नव्हती. एवढे तरी पुढच्या रविवारी छापावे. जागा नसेल तर राशिभविष्यातली थोडी घ्यावी.

आपला,
एक निवृत्त धातुतपासनीस, कोल्हापूर