चित्राखाली त्या मेलेल्या माणसाचंही नाव येऊ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे एका रविवारी तुमच्या पुरवणीत शरीरशास्त्र आणि चित्रकला यावर आख्खं पान आलं होतं, आणि पुढच्याच आठवड्यात एका वाचकांचं पत्र आलं की सकाळी सकाळी पेपर उघडला की मुडदे कशाला दाखवता, घरात लहान मुलं असतात, असल्या किळसवाण्या गोष्टीत कसली आलीय कला. ते पत्र काही माझ्या डोक्यातून जात नाहीये. मी गेली २१ वर्षं मेडिकलच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, म्हणजे स्नायू, नसा, सांधे, आतडी, डॉक्टर होणाऱ्या मुलांना परीक्षेला जे जे लागतं ते सगळं. त्यामुळे तुम्ही ते पान छापलंत याचा मला आनंदच झाला, हे आधी सांगते. माझी तक्रार चित्रांखालच्या ओळींबद्दल आहे.

डच चित्रकार रेम्ब्रांच्या चित्राखाली तुम्ही छापलंत, 'डॉ. तुल्प यांचा शरीरशास्त्राचा पाठ, १६३२'. चित्रकाराचं नाव आलं, डॉक्टरांचं आलं, साल आलं. आणि चित्राच्या मधोमध जो माणूस आडवा आहे, ज्याच्यावर सगळ्यात जास्त उजेड पडलाय, त्याचं काय? त्याचं नाव माहीत आहे हो. आद्रियान आद्रियान्सझोन. लोक त्याला आरिस किंट म्हणायचे. लुटीच्या गुन्ह्यासाठी १६३२ च्या जानेवारीत अ‍ॅमस्टरडॅममधे त्याला फाशी दिलं आणि प्रेत सर्जन लोकांच्या संघाकडे गेलं. असं जाहीर डिसेक्शन, म्हणजे प्रेत फाडून दाखवणं, तिथे वर्षातून एकदा व्हायचं, तेही हिवाळ्यात, कारण थंडीत प्रेत जरा जास्त टिकतं, आणि बघायला लोक पैसे मोजून यायचे. चित्रातल्या एका सर्जनच्या हातात कागद आहे, त्यावर हजर असलेल्यांची नावं नंतर कुणीतरी लिहून ठेवलीत. टेबलावर पडलेल्याचं नाव त्यात नाही. चारशे वर्षांपूर्वी जे झालं तेच आपण त्या रविवारी परत केलं, एवढंच माझं म्हणणं आहे.

हे चित्र किळसवाणं वाटतं त्यांनी एकदा फक्त हातांकडे बघावं. खऱ्या डिसेक्शनमधे आधी पोट उघडायचे कारण ते सगळ्यात आधी सडतं, पण इथे पोट अख्खं आहे आणि फक्त डावा हात कोपरापासून खाली सोललाय. तुल्पनी चिमट्याने बोटं मिटवणारा स्नायू उचलून धरलाय, आणि स्वतःच्या डाव्या हाताची बोटं अर्धवट वाकवून ते दाखवतायत की बघा, हा ओढला की हे होतं. म्हणजे एकाच चित्रात एक हात उघडलेला, त्यातली यंत्रणा दिसतेय, आणि शेजारीच तीच यंत्रणा जिवंत माणसाच्या कातडीखाली चालू आहे. मी इतकी वर्षं बाण काढून, आकडे घालून, रंग बदलून हेच समजवायचा प्रयत्न करतेय आणि त्या पोराने, हो पोरानेच, तेव्हा तो पंचविशीत होता, एकाही बाणाशिवाय ते करून टाकलं. आणि त्याच वेळी त्याने आरिस किंटच्या चेहऱ्यावर अर्धी सावली पाडली, ओठ जरा उघडे ठेवले, रंग बाकीच्यांपेक्षा राखाडी ठेवला. बरेचसे डॉक्टर पायाशी उघडलेल्या जाडजूड पुस्तकाकडे नाहीतर आपल्याकडे बघतायत. त्या मेलेल्या माणसाकडे नीट बघितलंय ते चित्रकाराने. हे भीषण आहे, मान्य, पण ही भीषणता काढून टाकली तर उरतो तो नुसता तक्ता.

आणि तक्ता कसा तयार होतो ते मला चांगलं माहीत आहे, म्हणून हे पुढचं सांगते.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका पुस्तकासाठी मला हाताची चित्रं काढायची होती. परवानगी काढून डिसेक्शन हॉलमधे बसले, प्रेत टिकवायच्या फॉर्मलिनने डोळे चुरचुरत होते, चेहऱ्यावर कापड होतं, फक्त हात उघडा. कातडी अजून सोलली नव्हती, आधी वरून दिसणारं चित्र हवं होतं. काढता काढता दिसलं की डाव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या टोकाला बारीक बारीक काळे ठिपके आहेत, आठ-दहा असतील, आणि तिथली कातडी खरखरीत, जाड झालेली. मला वाटलं काही आजार असेल, म्हणून तिथल्या मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, सुई टोचून टोचून होतं असं, आयुष्यभर शिवणकाम केलं असणार. मी ते ठिपके चित्रात काढले, सगळे, जिथल्या तिथे. प्रकाशकाकडून चित्र परत आलं, त्यावर लाल पेनने गोल करून लिहिलेलं, 'हे काढा, नॉर्मल हात पाहिजे'. आणि मी काढले. खोडून टाकले. पाचेक मिनिटांचं काम होतं. त्यांचंही बरोबर होतं, मुलांना नॉर्मलच हात शिकवायचा असतो, पण ते ठिपके खोडल्यावर तो हात कुणाचाच राहिला नाही. देहदान केलेल्याचं नाव गुप्त ठेवतात तिथे, तो त्यांच्या इच्छेचा मान आहे आणि तसंच असायला हवं. मला फक्त तेवढं एक माहीत होतं त्या माणसाबद्दल, आणि तेही मी पुसलं.

म्हणून मला ही जुनी, अंगावर येणारी चित्रं जवळची वाटतात. त्यांच्यात माणूस पूर्ण पुसला गेलेला नाही.

व्हेसॅलियस या शरीरशास्त्रज्ञाचं पुस्तक घ्या, १५४३ चं, बाझेलला छापलेलं, ते आलं तेव्हा हा गडी फक्त २८ वर्षांचा होता. त्याआधी तेराशे वर्षं डॉक्टर मंडळी गेलन या प्राचीन ग्रीक वैद्याचं ऐकत होती आणि गेलनने फाडली होती माकडं आणि इतर जनावरं. व्हेसॅलियसने माणसं उघडून बघितली आणि सांगितलं की खालचा जबडा एकच हाड आहे, दोन नाहीत. त्या पुस्तकातले कातडी उतरवलेली माणसं डोंगरदऱ्यांच्या देखाव्यात उभी आहेत, एक सांगाडा थडग्यावर कोपर टेकून कवटीवर हात ठेवून विचार करतोय, हे सगळं आता पोस्टर म्हणून विकलं जातं. पण पहिल्या पानावर काय आहे? गच्च गर्दी, माणसं एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघतायत, आणि मधे टेबलावर एक बाई, पोट उघडलेलं. तिच्याबद्दल व्हेसॅलियसने स्वतःच लिहून ठेवलंय की फाशीच्या भीतीने तिने आपल्याला दिवस गेलेत असं सांगितलं होतं. सुइणींनी तपासलं, तसं काही नव्हतं, फाशी झाली. आणि मग जे गर्भाशय तिने जीव वाचवायला पुढे केलं तेच त्या पानावर सगळ्यांसमोर उघडं. तिचं नाव त्याने दिलेलं नाही, पण निदान एवढं तरी सांगितलं. ही एक ओळ तुमच्या पानावर असती तर त्या वाचकांनी पत्र लिहिलं असतं का? कदाचित लिहिलंही असतं, पण वेगळं लिहिलं असतं.

आता सगळीच अशी चित्रं आणि वस्तू मला पटतात असंही नाही. फ्रेडरिक रुइश म्हणून अ‍ॅमस्टरडॅमचा फार मोठा शरीरशास्त्रज्ञ होऊन गेला, रक्तवाहिन्यांत मेण भरायची त्याची कला अशी की प्रेत झोपलंय असं वाटायचं. त्याने अर्भकांच्या सांगाड्यांचे देखावे मांडले होते, खडक म्हणून मूतखडे, झाडं म्हणून सुकवलेल्या रक्तवाहिन्या, आणि एक सांगाडा पोटातल्या पातळ पडद्याचा रुमाल करून डोळे पुसतोय. रशियाच्या पीटर बादशहाने १७१७ मधे ३०,००० गिल्डर (तेव्हाचं डच चलन) देऊन हा संग्रह विकत घेतला. रुइश शहरातल्या सुइणींना शिकवायचा, मेलेली जन्मलेली बाळं त्याच्याकडे यायची ती त्यातूनच. कारागिरी थक्क करणारी आहे यात वादच नाही, पण मला ते बघताना त्या बाळांच्या आया आठवतात आणि पुढे बघवत नाही. इथे मी त्या पत्रलेखक वाचकांच्या बाजूची आहे असं म्हणा हवं तर. मरण आठवून द्यायचं म्हणून दुसऱ्याचं मरण शोभेला मांडणं मला नको वाटतं.

आणि प्रेतं यायची कुठून हा प्रश्न तर कधी सुटलाच नाही. इंग्लंडात १७५२ च्या कायद्याने खुन्याचं प्रेत फाडणं हा शिक्षेचाच भाग केला, तेवढी प्रेतं पुरेनात म्हणून कबरी उकरल्या जायला लागल्या, मग १८२८ मधे एडिंबरात बर्क आणि हेअर या दोघांनी १६ जीव घेतले आणि प्रेतं शरीरशास्त्राच्या शिक्षकाला विकली. त्यानंतर १८३२ च्या कायद्याने वाट काढली ती अशी की वर्कहाउस म्हणजे निराधार गरिबांना ठेवायची घरं, दवाखाने यातले बेवारस गरीब चालतील. म्हणजे आधी गुन्हेगार, मग गरीब. ग्रे साहेबांचं शरीरशास्त्राचं प्रसिद्ध पुस्तक १८५८ चं, त्यातली सुंदर शांत चित्रं हेन्री व्हँडाइक कार्टरने काढली ती अशाच बेवारसांवरून. कार्टरचं सुद्धा नाव पहिल्या पानावर लहान टायपात घ्यायला लावलं होतं ग्रे साहेबांनी, आणि पैसे एकदाच, १५० पौंड. जिवंत चित्रकाराची ही गत तर टेबलावरच्याचं कोण विचारतंय.

हे सगळं जुनं झालं, असं कुणी म्हणेल. मला नाही तसं म्हणता येत. मी शिकत होते तेव्हा आमच्या सरांकडे पेर्नकॉफच्या अ‍ॅटलासचे, म्हणजे शरीरशास्त्राच्या चित्रांच्या मोठ्या पुस्तकाचे, खंड होते, आणि नसांची चित्रं कशी काढावी ते मी त्यावरून गिरवून शिकले. तसं काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं, एकेक तंतू मोकळा, रंग ओले वाटतील असे. पुढे कितीतरी वर्षांनी कळलं की पेर्नकॉफ व्हिएन्नातला कट्टर नाझी, त्याच्या चित्रकारांपैकी एकाने सहीत स्वस्तिक काढलेलं, आणि १९९८ च्या व्हिएन्ना विद्यापीठाच्या चौकशीत निघालं की नाझी काळात त्या विभागाकडे मृत्युदंड दिलेल्या किमान १,३७७ माणसांची प्रेतं आली होती. मी गिरवलेला हात त्यातल्या कुणाचा होता का, याचं उत्तर मला मिळणार नाही. अजूनही अवघड ऑपरेशनच्या वेळी काही सर्जन तो अ‍ॅटलास उघडतात, कारण नसा तिथे जशा दिसतात तशा दुसरीकडे सापडत नाहीत. २०१७ मधे यावर रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, जोसेफ पोलाक यांनी एक निवाडा लिहिला, त्याला व्हिएन्ना प्रोटोकॉल म्हणतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की एखाद्याचा जीव किंवा हात-पाय वाचणार असेल तर चित्र जरूर वापरा, पण ते कुठून आलंय हे सगळ्यांना सांगून वापरा. ज्यांच्या लोकांवर हे गुदरलं त्यांच्यातल्या माणसाने असं सांगावं, मला वाचताना भरून आलं होतं. माझी मागणी त्याच्यापुढे फारच लहान आहे, पण आहे त्याच जातीची.

लंडनच्या हंटेरियन म्युझियमने असंच एक काम केलं. चार्ल्स बर्न नावाचा साडेसात फुटांहून उंच आयरिश तरुण, १७८३ मधे २२ व्या वर्षी गेला, आपलं प्रेत समुद्रात सोडा असं सांगून गेला होता, आणि जॉन हंटर या सर्जनने पैसे चारून ते मिळवलं आणि सांगाडा करून ठेवला. दोनशेहून जास्त वर्षं तो काचेत उभा होता. २०२३ मधे म्युझियम परत उघडलं तेव्हा सांगाडा हलवला, पण रेनॉल्ड्सने काढलेलं हंटरचं पोर्ट्रेट आहे ना, ज्याच्या वरच्या कोपऱ्यात बर्नच्या सांगाड्याचे पाय लोंबताना दिसतात, ते ठेवलं. मला हे अगदी योग्य वाटतं. हाडं त्याची होती, ती परत झाकली. चित्र हा पुरावा आहे, तो झाकायचा नसतो. त्या पत्रलेखक वाचकांना माझं एवढंच सांगणं की चित्र लपवून त्या माणसाची सुटका होत नाही, उलट जे झालं तेच लपतं.

तर संपादक साहेब, पुढच्या वेळी असं पान कराल तेव्हा (आणि नक्की करा) ओळीत जागा ठेवा. नाव माहीत असेल तिथे नाव, नसेल तिथे प्रेत आलं कसं ते. रेम्ब्रांचंच दुसरं चित्र आहे १६५६ चं, डॉ. डाइमन यांचा पाठ. १७२३ च्या आगीत त्याचा बराचसा भाग जळाला. जो तुकडा राहिलाय त्यात डॉक्टरांचे फक्त हात आहेत, डोकं गेलं, एक मदतनीस सोडला तर बघायला जमलेली मंडळीही गेली. शाबूत राहिला तो टेबलावरचा माणूस, तळपाय आपल्याकडे करून, चेहरा समोर. योरिस फोन्तेइन त्याचं नाव. ते छापाल तेव्हा खाली एवढं नक्की लिहा. नावं जुळवायला मदत लागली तर मी करीन, त्याचं मानधन नको.

आपली,
एक वाचक आणि चित्रकार