पंचगंगेच्या घाटावर रोज झेंडा लावा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

दर उन्हाळ्यात तुमच्या पेपरात पंचगंगेतल्या मेलेल्या माशांचा फोटो येतो, चार दिवस आरडाओरडा होतो आणि पाऊस लागला की विषय मागं पडतो. नदीचं पाणी आज कसं आहे ते घाटावर रोज झेंड्यानं कळावं, म्हणून मुद्दाम लिहितोय. गेल्या जूनमध्ये भाच्याकडं कोपनहेगनला गेलो होतो, तिथं एका दिवसात जे बघितलं ते आपल्या कोल्हापूरकरांपर्यंत पोचावं असं फार वाटतं.

डेन्मार्कची ही राजधानी, बंदराचं पाणी पार शहराच्या मधोमध शिरलेलं. सकाळी न्यूहाउनचा कालवा बघितला, १६७० च्या दशकात खोदलेला, काठावर रंगीबेरंगी जुनी घरं, परीकथा लिहिणारे अँडरसन इथंच बरीच वर्षं राहायचे. १९१३ सालचा जलपरीचा पुतळाही बघितला, सव्वा मीटरचा आहे फक्त, गर्दीच जास्त. तिथं पाण्यावर पिवळी बोट चालते, आपली केएमटीची सिटी बस कशी तशी, बस-मेट्रोचंच तिकीट चालतं, त्या बोटीनं भाचा आम्हाला बंदराच्या काठावरच्या इस्लान्स ब्रिगे या भागात घेऊन गेला.

आणि तिथं मी थक्क झालो बघा. भर शहरात, ऑफिसांच्या बिल्डिंगांसमोर, बंदराच्या पाण्यात शेकडो माणसं पोहत होती! पाण्यावर तरंगणारे लाकडी प्लॅटफॉर्म, पोरांसाठी उथळ भाग वेगळा, उडी मारायला उंच मनोरा, लाइफगार्ड हजर, आणि तिकीट नाही. एक सत्तरीतल्या बाई सायकलवरून आल्या, टॉवेल कठड्यावर टाकला, शिडीनं सरळ पाण्यात उतरल्या, पंधरा मिनिटांनी केस पुसत परत सायकलवर. पाणी एवढं स्वच्छ की शिडीच्या खालच्या पायऱ्या वरनं दिसत होत्या.

हेच बंदर आधी गटारीच्या आणि कारखान्यांच्या पाण्यानं घाण झालेलं होतं, पोहायला बंदीच होती. मग त्यांनी १९९० च्या दशकापासून ड्रेनेज सुधारलं, जमिनीखाली मोठमोठ्या टाक्या बांधल्या, म्हणजे जोराचा पाऊस आला की सांडपाणी बंदरात न जाता टाकीत साठतं आणि पाऊस ओसरल्यावर शुद्धीकरण केंद्रात जातं. २००२ मध्ये तिथं पोहणं सुरू झालं. तरी अजूनही ढगफुटीसारखा पाऊस झाला की थोडं घाण पाणी येतंच, पण ते लपवत नाहीत. लाल झेंडा लागतो, पोहणं बंद, आणि आज पाणी कसं आहे ते मोबाईलवरसुद्धा कळतं. मला सगळ्यात जास्त हेच आवडलं.

आपल्याकडं पाठीला डबा बांधून रंकाळा तलावात, नदीत पवायला शिकलेली पिढी अजून आहे, आजही पहाटे घाटावर पोहणारे आहेत, बायका धुणं धुतात, पण त्या दिवशीचं पाणी अंगाला लावण्यासारखं आहे का हे त्यांना कोण सांगतं? शहराचं सांडपाणी वाहणाऱ्या जयंती नाल्याचं पाणी पावसात बांधावरून थेट नदीत जातं हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त कधी गेलं ते दोन दिवसांनी पेपरात वाचायला मिळतं. टाक्या, ड्रेनेज याला पैसा आणि वर्षं लागणार, कबूल. पण घाटावर आणि रंकाळ्याच्या काठावर एक बोर्ड, त्यावर पाण्याच्या तपासणीचा ताजा आकडा आणि हिरवा किंवा लाल झेंडा, याला किती खर्च येतो हो? कॉलेजांच्या लॅब आहेत, पोरं आनंदानं करतील.

माझी मागणी एवढीच आहे की हे येत्या पावसाळ्याआधी सुरू करा, आणि नाला नदीत मिसळला की खालच्या गावांना त्याच तासाला मेसेज गेला पाहिजे, कारण तिथली माणसं हेच पाणी पितात.

आपला एक नियमित वाचक,
कोल्हापूर