बेटांचा कायदा लिहायला निघालेल्या मैत्रिणीस

पणजी, गोवा
फेब्रुवारी २०२६

प्रिय वैजू,

तुझी चिठ्ठी काल हाती पडली आणि रात्री पुन्हा एकदा वाचून काढली. हिंदी महासागरातल्या एका छोट्या बेटदेशाने तुला समुद्रविषयक कायद्यांचे मसुदे करायला बोलावलंय, आणि तू विचारतेस, जाऊ का? अगं, विचारतेस काय, जा. मंत्रालयात इतकी वर्षं दुसऱ्यांच्या विधेयकांतली कलमं न् कलमं तपासलीस, स्वल्पविरामासाठी भांडलीस. त्या कामाची जिथे खरी नड आहे तिथे तू निघालीस, याचा मला मनापासून आनंद झाला. पण निघण्याआधी तुला थोडं सांगायचंय. फोनवर ते अर्धवट राहील, म्हणून लिहायला बसले.

ज्या करारासाठी तुला बोलावलंय तो १७ जानेवारीला लागू झाला. कुठल्याच देशाच्या हद्दीत न येणारा समुद्र म्हणजे एकूण महासागराचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग. तिथली जीवसृष्टी राखायची कशी, यासाठी हा खुल्या समुद्राचा करार. जवळजवळ वीस वर्षं चर्चा आणि वाटाघाटी चालल्या, १९ जून २०२३ ला तो न्यूयॉर्कला संमत झाला, आणि साठ देशांची मंजुरी मिळायला सप्टेंबर २०२५ उजाडला. आपण २५ सप्टेंबर २०२४ ला सही केली. पण सगळ्यांत आधी मंजुरी कुणी दिली ठाऊक आहे? पलाऊने, जानेवारी २०२४ मध्ये. पॅसिफिकमधला जेमतेम अठरा हजार वस्तीचा देश. आमच्या पेडणे तालुक्यात त्याच्या कितीतरी पट माणसं राहतात.

म्हणून पहिलं सांगणं हे, की या लोकांना शिकवायला निघालोय असं मनात आणू नकोस. समुद्राच्या कायद्यातले मोठे विचार लहान देशांनीच मांडलेत. समुद्राचा तळ ही अखिल मानवजातीची ठेव आहे, हे १९६७ साली संयुक्त राष्ट्रांत उभं राहून सांगितलं ते माल्टाच्या अर्विद पार्दो यांनी. कारखान्यांचा धूर समुद्रात मुरतो तेव्हा तेही समुद्राचं प्रदूषणच, असं मत हॅम्बर्गच्या सागरी न्यायाधिकरणाने मे २०२४ मध्ये दिलं. तो प्रश्न घेऊन अँटिग्वा-बार्बुडा, तुवालू आणि त्यांच्यासारखी चिमुकली बेटंच गेली होती. पुढल्या वर्षी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामानबदलावर मत दिलं, त्याची सुरुवात दक्षिण पॅसिफिक विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या मुलांनी केली आणि वानुआतूने ते काम शेवटाला नेलं. कायद्याची समज त्यांच्याकडे आपल्याहून कमी नाही. कमी आहेत ती माणसं, टेबलाशी बसून रोजचं काम उरकणारी.

काही वर्षांपूर्वी इथे परदेशी अधिकाऱ्यांच्या एका प्रशिक्षण वर्गात मी शिकवत होते, तेव्हा अशाच एका बेटावरून आलेली एक तरुण अधिकारी भेटली. मत्स्यपरवाने तीच देते, कासवांची घरटी मोजायची व्यवस्था तिच्याकडे, टूना आयोगाला अहवाल तीच पाठवते, आणि किनाऱ्याजवळ तेल दिसलं तर लोक फोनही तिलाच करतात. एका संध्याकाळी तिने मला एक जाडजूड बाड दाखवलं. बाहेरच्या सल्लागारांनी त्यांच्या देशासाठी करून दिलेला आदर्श मसुदा. कागद उत्तम, भाषा उत्तम. त्यात नऊ सदस्यांचं परवाना मंडळ होतं, वैज्ञानिक सल्लागार समिती होती, अपिलासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण होतं. तिने प्रत्येक कलमाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, हे काम आमच्याकडे कोण करणार. पानामागून पान मी उलटत गेले. बहुतेक ठिकाणी तिच्याच नावाची आद्याक्षरं होती. ती काही तक्रार करत नव्हती. शांतपणे विचारत होती, यातलं आधी काय करू?

वैजू, तुझं काम त्या प्रश्नापासून सुरू होतं. मसुदा हातात आला की आधी प्रत्येक कलमापुढे माणसाचं नाव घालून बघ. जिथे नाव सापडणार नाही ते कलम एक तर लहान कर, नाहीतर शेजारच्या देशाबरोबर मिळून करता येईल असं लिही. जगातला सगळ्यांत पुढारलेला कायदा त्यांच्या राजपत्रात छापून आणलास आणि मागे तो चालवणारं कुणी उरलं नाही, तर ती मदत झाली असं मी म्हणणार नाही. करारातही क्षमताबांधणीच्या भागात हेच आहे, की मदत ज्या देशाला हवी त्याच्या गरजेप्रमाणे ठरली पाहिजे. ते वाक्य पाठच करून जा.

हे मी एवढ्या ठासून सांगते, कारण इथे गोव्यात रापणकारांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून रापणीचं लांब जाळं ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांच्या, बाजूने कोर्टात उभी राहताना मी रोज तेच बघते. आपल्याकडे कायदा नाही असं कोण म्हणेल? सत्तरच्या दशकात ट्रॉलर किनाऱ्याला खेटून मासळी ओढायला लागले, तेव्हा माथानी साल्ढाणांसारख्या माणसांनी रापणकारांना घेऊन रस्त्यावर लढा दिला. त्या लढ्याच्या काळातच, १९८० साली, गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. जून-जुलैत एकसष्ट दिवस मासेमारी बंद असते. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी आणली, राज्याच्या हद्दीतही ती आहे. आणि तरी अंधाऱ्या रात्री जनरेटर लावून दिवे पेटतात, उजेडाला बांगडे, तारले गोळा होतात, पर्ससीनचं, म्हणजे मासळीला घेरून तळाशी आवळायचं, जाळं पडतं, आणि सकाळी किनाऱ्यावर दोन्ही दोर ओढून रापण वर येते तेव्हा तिच्यात घरच्या कालवणापुरतीही मासळी नसते.

अशाच एका बोटीची फाईल माझ्या हातात आली होती. बोट रंगेहाथ पकडलेली. पण पंचनाम्यात बोट कुठे सापडली त्या रकान्यात एवढंच, 'कांदोळीसमोर समुद्रात'. अक्षांश-रेखांश नाहीत. आता बारा सागरी मैलांच्या आत राज्याचा अंमल, बाहेर केंद्राचा. मालकाच्या वकिलाने उभं राहून एकच विचारलं, आत की बाहेर? कुणालाच सांगता येईना. दिवे किती, किती वॉटचे, जनरेटर जप्त केला की नाही, त्याचाही मेळ नव्हता. प्रकरण तिथेच संपलं. पंचनामा करणारा पोरगा प्रामाणिक होता. डोलणाऱ्या होडीत, रात्री, ओल्या कागदावर काय काय लिहायचं हे त्याला कुणी कधी दाखवलंच नव्हतं. ज्या रापणकाराने तक्रार केली होती तो कोर्टाच्या पायऱ्यांवर माझ्याशी बोलला नाही. मान हलवून निघून गेला. मला ते अजून लागून राहिलंय.

तेव्हा तिथे पोचलीस की कायद्याआधी नमुने कर. पंचनाम्याचा, जप्तीच्या पावतीचा, बोटीवरच्या वस्तूंच्या यादीचा, कोर्टात द्यायच्या दाखल्याचा. उपग्रहावरून मिळालेला बोटीचा माग पुरावा म्हणून चालेल, आणि बंद क्षेत्रात जाळी उघडी सापडली तर मासेमारी चालू होती असं गृहीत धरलं जाईल, ही दोन कलमं मुख्य कायद्यात घाल. लाखो चौरस किलोमीटर समुद्राला गस्तीच्या एक-दोन बोटी असतात. प्रत्येक बोट प्रत्यक्ष पकडून सिद्ध करायची म्हटलं तर ते कधीच होणार नाही. पलाऊने तर १ जानेवारी २०२० पासून आपल्या अनन्य आर्थिक क्षेत्राचा, म्हणजे किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या आपल्या हक्काच्या समुद्राचा, ८० टक्के भाग मासेमारीला बंद केला. एवढं पाणी नुसत्या डोळ्यांनी कोण राखणार?

आणि एक सांभाळ. उत्साहाच्या भरात तुरुंगवास घालू नकोस. १९८२ च्या सागरी कायदा कराराचं त्र्याहत्तरावं कलम काढून बघ. आर्थिक क्षेत्रात मासेमारीचा नियम मोडला म्हणून परदेशी खलाशाला कैद देता येत नाही, दोन्ही देशांनी आधी तसं ठरवलं नसेल तर. वाजवी हमी घेऊन बोट आणि माणसं लवकर सोडावी लागतात. नाहीतर ज्या देशाचा झेंडा बोटीवर आहे तो थेट हॅम्बर्गला जातो. २००० साली फ्रान्सने दक्षिण हिंदी महासागरातल्या आपल्या केर्गेलेन बेटांजवळ पकडलेल्या 'माँटे कॉन्फुर्को' या बोटीसाठी झेंड्याच्या नात्याने कोण गेलं होतं? सेशेल्स. फ्रान्सने लावलेली हमी न्यायाधिकरणाने एक-तृतीयांशाहून खाली आणली. बेटांचे झेंडे जगभर फिरत असतात, तेव्हा आपल्या झेंड्याखालच्या बोटी खुल्या समुद्रात काय करतात याची जबाबदारीही त्यांच्याच गळ्यात पडते. ती बाजू मसुद्यात कच्ची ठेवू नकोस.

मला सर्वांत जास्त काळजी ईआयएची, म्हणजे एखाद्या कामाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याच्या मूल्यांकनाची, वाटते. नव्या करारात खुल्या समुद्रातल्या मोठ्या कामाचं पर्यावरण मूल्यांकन करून घेण्याची जबाबदारी ज्या देशाच्या नियंत्रणाखाली ते काम होतं त्या देशावर आहे, आणि काम पुढे जाऊ द्यायचं की नाही हेही शेवटी तोच ठरवतो. म्हणजे समज, एखादी बडी कंपनी हजार पानी अहवाल घेऊन आली, तर तो वाचायला समोर तीच माझी पेन्सिलवाली मुलगी. खाणींच्या अहवालांचं गोव्यात काय झालं ते तू वर्तमानपत्रांत वाचलंयस. प्रकल्पवाल्याच्या पैशातून तयार झालेला कागद कुणीतरी स्वतंत्रपणे वाचल्याशिवाय त्याला काही किंमत नसते. आणि लहान देश म्हणून सवलत मिळेल ही आशाही नको. समुद्रतळाच्या खाणकामाबद्दल नाऊरू या पॅसिफिकमधल्या चिमुकल्या देशाने काढलेल्या प्रश्नावर १ फेब्रुवारी २०११ ला न्यायाधिकरणाच्या खास कक्षाने सांगून टाकलं, की कंपनीला पाठिंबा देणारा देश विकसनशील असला तरी देखरेखीची मूळ जबाबदारी इतरांइतकीच. मला ते मत पटतं. सवलत दिली असती तर कंपन्यांनी सगळ्यांत दुबळा देश शोधून काढला असता. पण मग त्या देशाला अहवाल वाचणारी माणसं मिळवून द्यायला नकोत? तपासणीचा खर्च कंपनीने सरकारी खात्यात आगाऊ भरायचा आणि तपासणारे तज्ज्ञ सरकारने निवडायचे, असं कलम घालता येतं का ते बघ. आमच्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या लोकांनी २६ जानेवारी १९८१ ला 'गवेषणी' जहाजावरून हिंदी महासागराच्या तळाचे धातूचे गोटे भारतासाठी पहिल्यांदा वर काढले. तेव्हापासूनचा अनुभव या गावात आहे. असे लोक बेटांच्या बाजूने अहवाल वाचायला बसले तर केवढा फरक पडेल!

करारातला सागरी जनुकीय साधनांचा, म्हणजे समुद्री जिवांच्या जनुकांच्या वापराचा, भाग तू वाचशीलच, त्यात मी पडत नाही.

एकत्र येऊन काय होतं ते पॅसिफिकवाल्यांकडून घे. १९८२ च्या नाऊरू करारातल्या आठ देशांनी टूनाच्या परदेशी बोटींना दिवसाच्या हिशोबाने परवाने द्यायला सुरुवात केली आणि दिवसाला ८,००० डॉलरच्या खाली कुणी उतरायचं नाही असं ठरवलं. २०१० च्या सुमारास सहा कोटी डॉलरच्या आसपास असलेलं त्यांचं उत्पन्न काही वर्षांत पन्नास कोटींच्या घरात गेलं. हिंदी महासागरातही मॉरिशसमध्ये कचेरी असलेला हिंद महासागर आयोग २००७ पासून मासेमारीवर संयुक्त पाळत ठेवतो. तुझ्या देशाला त्यात किती वाटा उचलता येईल ते पहिल्या महिन्यातच विचार.

आणि भारताकडून मागायला संकोचू नकोस. जुलै २०२० मध्ये 'वाकाशिओ' हे मालवाहू जहाज मॉरिशसच्या प्रवाळावर चढलं आणि हजारेक टन तेल सांडलं, तेव्हा तिथल्या लोकांनी उसाचा पाला कोंबून तरंगते बांध घातले. आपण तीस टनांवर सामान आणि तटरक्षक दलाची तुकडी विमानाने धाडली. मॉरिशसच्या तटरक्षक दलाच्या 'व्हिक्टरी' आणि 'व्हॅलिअंट' या गस्ती बोटी तर आमच्या वास्कोच्या गोवा शिपयार्डात बांधलेल्या. बोटी आपण देतो, संकटात धावतो, हे चांगलंच आहे. पण पकडल्यानंतरची फाईल उभी करणारी माणसं घडवायला आपण अजून म्हणावं तसे पुढे आलेलो नाही. तू तिथे असशील तर दोनही बाजूंना पत्रं घालता येतील.

निघण्याआधी चार दिवस इकडे ये. पहाटे मालीमच्या जेटीवर जाऊ, बोटी लागतात तेव्हा लॉगबुकात खरोखर काय लिहितात ते तुला बघता येईल. दुपारी जाळ्यांचे आस, म्हणजे जाळ्याची भोकं, कशी मोजतात ते एका ओळखीच्या पागींकडून, म्हणजे मच्छीमाराकडून, शिकून घे, कारण आसाच्या मापावरून कोर्टात हमखास वाद होतो. पंचनाम्याचा नमुना मी करायला घेतलाय, दोन पानांत बसवते आहे, न भिजणाऱ्या कागदावर छापता येईल असा. तू त्यांच्या सध्याच्या मत्स्यकायद्याची प्रत आण. त्या पेन्सिलवाल्या मुलीला मी कालच लिहिलंय, तिची हरकत नसेल तर तुमची गाठ घालून देते. तिकीट काढलंस की कळव, म्हणजे कोर्टाच्या तारखा त्याप्रमाणे मागून घेते.

आईंना नमस्कार सांग.

तुझी,
शुभा