पंचाला लेखी बोलवा, मानाने बोलवा : गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय, सविनय नमस्कार.

फौजदारी गुन्ह्यांच्या तपासात नागरिकांना पंच म्हणून, म्हणजे झडती-जप्तीचे साक्षीदार म्हणून, ज्या पद्धतीने बोलावले जाते ती बदलावी, या एका मागणीसाठी हे पत्र लिहितो आहे. माझे दुकान तालुक्याच्या गावी, पोलीस ठाण्याला लागून आहे. त्यामुळे पंचनाम्यावर सही करण्याची वेळ माझ्यावर अनेकदा आली आहे. पंच होणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे असे मी मनापासून मानतो. म्हणूनच त्याची आज जी अवस्था आहे ती बघवत नाही.

तपासी अंमलदाराला घाईने दोन माणसे हवी असतात. हवालदार चहाच्या टपरीवर किंवा रिक्षा स्टँडवर येतो आणि म्हणतो, "शेठ, जरा दोन मिनिटं चला, सही करायचीय." त्या दोन मिनिटांचे तीन तास होतात. अंधार पडलेला असतो आणि पंचनामा वाचून बघायला सवड मिळत नाही. माणूस सही करतो, घरी जातो आणि विसरून जातो.

काही वर्षांनी समन्स येते. दुकान बंद ठेवून किंवा रोजंदारी बुडवून जिल्ह्याच्या कोर्टात जायचे. आरोपीला तुरुंगातून आणलेले नसते किंवा वकिलांचा अर्ज असतो, म्हणून पुढची तारीख मिळते. अखेर साक्ष होते तेव्हा मुद्देमालाच्या पाकिटावरची सही आपलीच का, इथपासून प्रश्न सुरू होतात. उलटतपासात वकील विचारतात, "तुम्ही पोलिसांचे नेहमीचे पंच ना?" आरोपी त्याच गावचा असला तर आठवडी बाजारात त्याचे नातेवाईक समोर येतात. अशा वेळी पंच म्हणतो, माझ्यासमोर काही झाले नाही, सही तेवढी घेतली. तो फितूर घोषित होतो आणि प्रामाणिकपणे झालेली जप्तीसुद्धा डळमळते. त्या माणसाला दोष देणे मला जमत नाही. त्याच्या मागे कोण उभे होते?

कायदा याहून चांगला आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या आजच्या कायद्याच्या) कलम १०३ नुसार झडती घेण्यापूर्वी त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी बोलवायचे असतात. लेखी आदेश मिळूनही योग्य कारणाशिवाय नकार देणे हा गुन्हा आहे. म्हणजे कायद्याने लेखी बोलावणे गृहीत धरले आहे. माझ्या हाती असा कागद कधीच पडला नाही. तो दिला तर पंचाला आपली जबाबदारी कळेल, मालकाकडे सुट्टी मागता येईल आणि कोर्टात "वाटेतून उचलून आणलेला माणूस" म्हणून कुणी हिणवणार नाही. झडती झालेल्या जागेत राहणाऱ्याला जप्त वस्तूंच्या यादीची प्रत मिळते. पंचालाही पंचनाम्याची प्रत मिळू द्या. साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात घाईघाईने काय ते सांगितले जाते, त्यावर त्याची स्मरणशक्ती उभी राहू नये.

आता झडतीचे चित्रीकरण कलम १०५ ने सक्तीचे झाले आहे, मग पंच कशाला, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. कॅमेरा सुरू होण्याआधी काय झाले हे चित्रफीत सांगत नाही आणि तिला उलटतपासात प्रश्न विचारता येत नाही. सरकारी कर्मचाऱ्यांना पंच नेमण्याचाही मार्ग आहे. लाचलुचपतीच्या सापळ्यात ते घेतलेच जातात आणि तिथे त्याचा उपयोगही आहे. पण शासनाच्या तपासावर शासनाच्याच नोकराने साक्षीदार राहायचे, हा सर्वत्र नियम होऊ नये. कलमाला अपेक्षित आहे तो स्वतंत्र शेजारी.

महोदय, आपल्या न्यायालयात सामान्य माणसाला एकेकाळी याहून मोठी जागा होती. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला. आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवायला बसवलेल्या नऊ नागरिकांपैकी, म्हणजे ज्युरींपैकी, सहा युरोपियनांनी त्यांना दोषी ठरवले, तर तिघा हिंदी ज्युरींनी निर्दोष म्हटले. त्या तिघांमुळे शिक्षा टळली नाही, पण परक्या सरकारच्या कोर्टात त्यांचे मत नोंदले गेले. पुढे नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील १९५९ च्या खून खटल्यात ज्युरींनी आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले, उच्च न्यायालयाने तो कौल फिरवला आणि ज्युरी त्या खटल्यामुळेच गेली अशी समजूत रूढ झाली. खरे तर ती बंद करण्याची शिफारस विधी आयोगाने १९५८ मध्येच केली होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. ती परत आणा असे मी म्हणत नाही. जातीचा आणि पैशाचा दबाव गावात कसा चालतो ते मी रोज पाहतो. मात्र निकालातला वाटा गेल्यावर नागरिकाकडे साक्षीदार आणि पंच एवढ्याच भूमिका उरल्या. त्या तरी नीट सांभाळल्या पाहिजेत.

माझी मागणी अशी आहे. प्रत्येक पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या मतदार यादीतून दरवर्षी चिठ्ठ्या टाकून पंचांची यादी करावी. आजारी माणसे, लहान मुलांच्या आया आणि परीक्षेला बसलेले विद्यार्थी यांना सूट असावी. नावे निघालेल्यांना तालुक्याच्या कोर्टात अर्धा दिवस समजावून सांगावे : काय पाहायचे, सील कसे तपासायचे, न वाचता सही का करायची नाही. झडती अचानक आली तर यादीतले जवळचे दोघे बोलवावेत, म्हणजे "नेहमीचे पंच" हा प्रकारच उरणार नाही. साक्षीचा भत्ता त्याच दिवशी हातात पडावा. धमकी आली तर साक्षीदार संरक्षणासाठी कुणाकडे जायचे, हे त्या लेखी आदेशावरच छापलेले असावे.

यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्या खात्याच्या परिपत्रकाने होऊ शकतात. तारखांचा प्रश्न उच्च न्यायालयाशी बोलून सुटेल. एखाद्या जिल्ह्यात वर्षभर हे करून पाहावे आणि त्या वर्षात किती पंच फितूर झाले याचा आकडा विधिमंडळासमोर ठेवावा, ही विनंती.

आपला नम्र,
तालुक्याच्या गावातला एक दुकानदार आणि पंच