पातेलं किती वाजता आत ठेवलंस?

कोल्हापूर,
आखाडातला शुक्रवार

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

चटणीच्या डब्याबरोबर चिठ्ठी बघून घाबरू नकोस. इकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा होता तसाच आहे, आक्का येऊन गेली, राजाराम बंधारा पाण्याखाली गेलाय. म्हणजे आखाड आखाडासारखाच चाललाय. हे फोनवरही बोललो असतो, पण आई शेजारीच बसलेली असते आणि तू फोन स्पीकरवर टाकतोस.

आधी तुझे आजारी पडलेले दोन्ही मित्र कसे आहेत ते कळव. नांदेडचा उठून बसला का? ओआरएसचं एक पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पुरं टाकायचं, अर्धं अर्धं नाही. ताप आला, शौचातून रक्त दिसलं किंवा दिवसभरात लघवीच झाली नाही, तर मित्र नको म्हणाला तरी दवाखान्यात न्यायचा.

सोमवारी रात्री तू सांगितलंस, रविवारी दहा जणांना जेवायला घातलं, रस्सा लई भारी झाला, पोरांनी वाट्या तोंडाला लावून भुरके मारले. खरं सांगू? पोरं आजारी पडल्याचं तू सांगत होतास आणि मी आधी तेवढंच ऐकलं. माझ्या हाताखाली कांदा चिरणारं पोरगं हिंजवडीत दहा जणांना तांबडा-पांढरा वाढतंय! फोन ठेवल्यावर आईला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला गेलो तेव्हा ती म्हणाली, आजारी कोण पडलंय ते आधी विचारलंत का?

म्हणून विचारतो. उरलेला रस्सा रविवारी रात्री फ्रिजमध्ये किती वाजता ठेवलास? तू म्हणालास, "सकाळी परत उकळलाय की, पप्पा." मी ते विचारलं नव्हतं.

मटणाचं पाणी म्हणजे जंतूंना आयतं पंचपक्वान्न. काही जंतू उकळीतही मरत नाहीत, बियांसारखं टणक रूप धरून बसतात. एवढं मोठं पातेलं झाकण घालून ओट्यावर ठेवलं की वरून गार लागतं, पण पोटात सात-आठ तास कोमट राहतं, आणि कोमटातच त्या बिया फुटतात. चाळीस-पंचेचाळीस अंशांना तर दहा-बारा मिनिटांत एकाचे दोन. दुपारी खाल्लं की रात्री पोटात मुरडा आणि जुलाब. तुझ्या मित्रांचं वेळापत्रक मला तेच दिसतंय. तू आईला शब्द दिलास म्हणून सोमवार धरतोस, तेवढ्यावर वाचलास.

बघ, लेक्चर नाही द्यायचं असं ठरवून बसलो होतो. चुकलो. पण आता सुरू केलंच आहे तर ऐक. रस्सा एकतर चुलीवर कडकडीत हवा, साठ अंशांच्या वर, नाहीतर फ्रिजमध्ये पाच अंशांच्या खाली. मधे दोन तासांच्या वर राहू द्यायचा नाही. पंगत उठली की गप्पा मारत बसायचं नाही. पातेलं परातीत गार पाण्यात उभं करायचं, बर्फ असेल तर टाकायचा, स्वच्छ पळीने ढवळत राहायचं. मग बसक्या, लहान डब्यांत ओतायचं आणि थोडं कोमट असलं तरी आत ठेवायचं. अख्खं गरम पातेलं फ्रिजात कोंबलंस तर ते लवकर गार होत नाही, उलट शेजारचं दूध तापतं. तीन दिवसांत संपवायचं. फ्रीजरला दोन महिने चालतं, पण डबा काठोकाठ भरू नकोस, गोठताना पाणी फुगतं. खाताना हवं तेवढंच काढायचं आणि खळखळून उकळायचं, मायक्रोवेव्हमध्ये कडेनं वाफ आली म्हणजे गरम झालं असं नाही.

आणि पांढरा रस्सा कधी ठेवायचाच नाही. नारळाचं दूध लवकर आंबतं, परत उकळलं की फाटतं. ठेवायचं ते अळणी. हळद, मीठ, आलं-लसणात मटण शिजलं की जे पाणी निघतं ते. दुसऱ्या दिवशी त्यात ताजा नारळ, तीळ, खसखस, काजू वाटून घातलं की पंधरा मिनिटांत पांढरा तयार. आजी असंच करायची. तुला दात यायच्या आधी तिनं चमच्यानं अळणी पाजलं होतं, आई ओरडत होती तरी.

आजीवरून आठवलं असं लिहिणार होतो, पण ते खोटं. आजीसाठीच ही चिठ्ठी लिहायला बसलो.

2005 चा आखाड. पुढे पूर आला तेच साल. तू पाच वर्षांचा. मंगळवारी गल्लीची त्र्यंबोलीची यात्रा होती. पी-ढबाक वाजत होतं, बायका नदीच्या नव्या पाण्याचे कलश घेऊन टेंबलाईला, म्हणजे त्र्यंबोलीलाच, निघालेल्या, तू माझ्या खांद्यावर. रात्री मंडळाचं मटण मी केलं होतं. उरलेलं पातेलं मी घरी आणलं. लाईट गेलेली, फ्रिज बंद, आणि मला झोप आलेली. शेजाऱ्यांना वाटायला म्हणून मी रस्स्यातून फोडी हातानं वेचून वेगळ्या काढल्या, झाकण टाकलं आणि झोपलो. सकाळी एक उकळी आणली. आईचा तेव्हा कसला तरी नेम होता. आजी जेवली, मीही दोन घास खाल्ले. तीन वाजता आजीला उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळी सलाईन लागलं. हात इतका गार होता की मी दोन्ही तळव्यांत धरून बसलो होतो.

डॉक्टरांनी विचारलं, स्वयंपाक कुणी केला? हाताला कुणाच्या जखम, गळू काही? माझ्या डाव्या बोटाला चिंधी होती. कांदा चिरताना कापलेलं, चार दिवसांचं, आतून पू धरलेलं. मी हात खिशात घातला. डॉक्टर आक्काला समजावत होते, मी भिंतीला टेकून ऐकत होतो. जखमेतले जंतू अन्नात उतरतात, उबेला वाढतात आणि विष सोडतात. उकळल्यावर हे जंतू मरतात, विष तसंच राहतं. म्हणून "परत उकळलाय की" ऐकलं आणि माझं बोट दुखलं, एवढ्या वर्षांनी.

मामा मटणवाल्याच्या दुकानासमोर जाऊन भांडून आला. गल्लीनं तीन महिने त्याच्याकडचं मटण आणलं नाही. तो सकाळी मला नमस्कार करायचा आणि मी सायकलची चेन बघत बसायचो. आजी त्यानंतर अकरा वर्षं जगली. पण रस्स्याची वाटी हातात घेतली की आधी वास घ्यायची आणि माझ्याकडे बघायची. तिला ठाऊक होतं की नव्हतं, मला कधीच कळलं नाही.

सोमवारी फोनवर मागून कुणीतरी विचारलं, "काय बाधलं असेल रे?" आणि तू म्हणालास, "टपरीची भजी असतील." मी ऐकलं.

त्या टपरीवाल्यानं तुझं काय घोडं मारलंय? माफ कर, हे जास्त झालं. तुला वाईट वाटणार. पण मित्रांना सांग. रस्सा रात्रभर बाहेर राहिला होता, माझ्याकडून चूक झाली, एवढंच वाक्य. शिव्या घालतील, पुढच्या रविवारी परत येतील. मी ते वाक्य कधी बोललो नाही, आणि त्या माणसाचं दुकान आता मोबाईलचं झालंय. तो कुठं गेला ते विचारायलाही मला तोंड नाही.

पुढच्या वेळी दहा जणांना बोलावशील तेव्हा तुमच्यातला अकोल्याचा शाकाहारी पोरगा विसरू नकोस. त्याचं पातेलं वेगळं, पळी वेगळी, आणि त्याला आधी वाढायचं, नाहीतर तो पापड खात बसतो आणि बोलत नाही. रस्स्यात काजू-तीळ आहेत हे आधीच सांगायचं, कुणाला चालत नसतं. चव घेतलेला चमचा परत पातेल्यात नाही. तळहातावर थेंब घ्यायचा. वाढणाऱ्यानं "पुरे का?" असं विचारायचं नाही, "वाढू?" म्हणायचं आणि वाटीवर हात येईपर्यंत थांबायचं. आणि साहेबाच्या घरी सूप चमच्यानं आवाज न करता प्यायचं असेल तर पी, पण आपल्या घरी भुरका मारला नाही तर करणाऱ्याला वाटतं, मीठ कमी पडलं. बोटाला कापलं असेल तर त्या दिवशी स्वयंपाक दुसऱ्यानं करायचा. हातमोजे घालून करतो म्हणू नकोस. दुसऱ्यानं.

आजारी पोरांना काही दिवस मटण नको. मुगाचं पातळ कढण दे, तूप न घालता, त्या त्या वेळचं त्या त्या वेळी करून. डबा दिलास तर झाकणावर चिकटपट्टी लावून तारीख आणि वेळ लिही. त्यांचा डबा तुझ्याकडे आला तर रिकामा परत पाठवू नकोस, चिमूटभर साखर तरी घाल.

चटणी यंदा जरा तिखट झालीय, हात आवरून घाल. स्टीलचा डबा दिवाळीला आण, तो आजीचा आहे, आतला खालचा पोचा मीच पाडलेला.

तुझा,
पप्पा

ता. क. बोटाचं आईला अजून माहीत नाही. ही चिठ्ठी मिळाली की फोन कर, स्पीकर बंद ठेव, आणि आधी सांग, किती वाजता ठेवलंस.