फ्रेडोच्या निमित्ताने

पुणे, १९ जून

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकात नायकाऐवजी त्याच्या दुबळ्या थोरल्या भावाची भूमिका वाट्याला आली म्हणून तू खट्टू झाला आहेस, आणि अशा माणसासाठी प्रेक्षकांची सहानुभूती मिळवावी कशी, असे विचारतो आहेस. ती मिळवायला जाऊच नये, असे माझे मत आहे, आणि ते जॉन कझाल या अमेरिकन नटाचे काम पाहून बनले आहे. नावावरून ओळख पटली नाही, तरी ‘द गॉडफादर’ या माफिया कुटुंबावरच्या चित्रपटातला फ्रेडो म्हटल्यावर ते मोठे कपाळ आणि ती भेदरलेली नजर तुला नक्की आठवेल.

कझालचा जन्म १९३५ साली बॉस्टनजवळच्या रिव्हिअर गावचा. बॉस्टन विद्यापीठात नाट्यशिक्षण घेऊन तो न्यूयॉर्कला आला आणि पोटापाण्यासाठी स्टँडर्ड ऑइल कंपनीत निरोप्याचे काम करू लागला. तिथेच तेच काम करणारा आणखी एक होतकरू नट त्याला भेटला, तो म्हणजे अल पचिनो. पुढे हे दोघे इस्रायल होरोविट्झ यांच्या एका एकांकिकेत एकत्र आले, आणि गंमत म्हणजे तीत कझालने चक्क एका भारतीयाची भूमिका केली. मुलाला भेटायला न्यूयॉर्कला आलेला, इंग्रजी न समजणारा हा गुप्ता रात्री बसची वाट पाहत उभा असतो आणि दोन टवाळ पोरे त्याचा छळ मांडतात. गोऱ्या नटाने भारतीय साकारण्यावर आज आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्तही ठरेल; परंतु भाषेचा आधार नसताना समोरच्याचे केवळ ऐकत राहून रंगमंचावर उभे राहण्याची ती कसोटीच होती. १९६८ साली त्या कामासाठी दोघांनाही ओबी हा न्यूयॉर्कच्या छोट्या, प्रायोगिक रंगभूमीवरचा पुरस्कार मिळाला.

त्यानंतर १९७१ मध्ये होरोविट्झ यांच्याच दुसऱ्या नाटकात त्याला पाहून फ्रेडोसाठी त्याची निवड झाली. वडिलांवर भररस्त्यात गोळीबार होतो तो प्रसंग आठव. फ्रेडो मोटारीतून धडपडत उतरतो, हातातले पिस्तूल त्याला नीट धरताही येत नाही, ते निसटते आणि तो पदपथाच्या कडेला बसून लहान मुलासारखा रडू लागतो. दुसऱ्या एखाद्या नटाने या रडण्याला करुण रसाची फोडणी दिली असती. कझाल तसे करत नाही. त्याच्या रडण्यात दुःखाइतकीच स्वतःच्या नालायकीची लाज दिसते, आणि त्यामुळे आपल्याला त्याची कीव येण्याआधी थोडी चीडच येते.

मात्र तुझ्या भूमिकेसाठी खरा अभ्यास करण्याजोगा प्रसंग १९७४ सालच्या दुसऱ्या भागात आहे. धाकटा भाऊ मायकल (म्हणजे पचिनो) जाब विचारतो आहे, काचेबाहेर बर्फाने झाकलेला परिसर आहे, आणि फ्रेडो एका कलत्या खुर्चीत जवळजवळ आडवा पडला आहे. आपण थोरले असूनही आपल्याला डावलले गेले, आपण मूर्ख नाही, आपल्यालाही मान हवा, हे सारे तो ओरडून सांगतो. पण सांगताना त्याला त्या खुर्चीतून धड उठता येत नाही. हात हवेत उडतात, धड वर येऊ पाहते आणि पुन्हा मागे पडते. मानाची मागणी आडव्या अंगाने करावी लागणे, यापेक्षा मोठी मानहानी कोणता संवाद दाखवू शकला असता? शेजारी पचिनो जवळजवळ काहीच करत नाही, आणि त्याचे ते थंडपण इतके भेसूर वाटते याचे निम्मे श्रेय कझालचे आहे. अभिनय आपण सर्वांत जास्त जॉनकडून शिकलो, असे पचिनोने पुढे जाहीरपणे सांगितले आहे, त्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही.

‘डॉग डे आफ्टरनून’ (१९७५) ब्रुकलिनमधल्या एका खऱ्या बँक दरोड्यावर आधारित आहे. त्यात कझालने साकारलेला दरोडेखोर सॅल प्रत्यक्षात १८ वर्षांचा पोरगा होता, कझाल चाळिशीला टेकलेला. तरी पचिनोच्या आग्रहावरून दिग्दर्शक सिडनी लुमेट यांनी त्याला ऐकून पाहिले आणि घेतले. पळून कोणत्या देशात जायचे, असे विचारल्यावर सॅल गंभीरपणे ‘वायोमिंग’ म्हणतो, जे अमेरिकेतलेच एक राज्य आहे. हे उत्तर संहितेत नव्हते, ते कझालला ऐन वेळी सुचले. विनोद करतो आहोत याची पुसटशी जाणीवही त्याच्या चेहऱ्यावर नाही, म्हणून हसता हसता आपल्या पोटात खड्डा पडतो.

१९७६ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये शेक्सपिअरचे नाटक करताना त्याची अभिनेत्री मेरील स्ट्रीपशी गाठ पडली आणि दोघे एकत्र राहू लागले. पुढच्याच वर्षी त्याला फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. ‘द डियर हंटर’च्या निर्मात्यांना तो नको होता, परंतु दिग्दर्शक मायकल चिमिनो याने त्याला सोडले नाही आणि त्याचे प्रसंग आधी चित्रित करून घेतले. मार्च १९७८ मध्ये, ४२ व्या वर्षी, तो गेला. चित्रपट त्यानंतर झळकला. ‘द कॉन्व्हर्सेशन’ धरून त्याचे चित्रपट अवघे पाच, पाचांनाही सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर नामांकन, त्यांपैकी तिघांना प्रत्यक्ष पुरस्कार. आणि त्याला स्वतःला एकही नामांकन नाही! सहकलाकाराचे काम रंगवणारा नट परीक्षकांच्या नजरेतून कसा निसटतो, याचे हे बोलके उदाहरण मानता येईल. तुमच्या स्पर्धेचे परीक्षक अधिक डोळस असतील, अशी खात्री मी देऊ शकत नाही.

तेव्हा तालमीला जाण्यापूर्वी तो खुर्चीचा प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहा आणि मग तुझ्या दुसऱ्या अंकात तू कुठे बसणार आहेस ते दिग्दर्शकाशी बोलून ठरव. उभे राहून बोलण्याचा हट्ट तेवढा सोड. प्रयोगाची तारीख आणि नाट्यगृह ठरले की कळव, मी आधीच रजा टाकून ठेवीन. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक